कोठीपोटातलं बिऱ्हाड : गाईचा चारा नेमका कोण पचवतं?

ज्वारीचा वाळलेला कडबा माणसाने कितीही चावला तरी त्यातून त्याला काही मिळणार नाही. कडब्याचा सांगाडा सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, माणसाच्या आतड्यात बनत नाही. गंमत अशी की ते गाईच्या शरीरातही बनत नाही. म्हशीच्या नाही, शेळीच्या नाही, मेंढीच्याही नाही. तरी तोच कडबा खाऊन गाय संध्याकाळी चरवीभर दूध देते. हे काम तिच्या पोटात राहणारं डोळ्यांना न दिसणारं बिऱ्हाड करतं. गोठ्यातल्या पोटाच्या बहुतेक तक्रारी या बिऱ्हाडाच्याच असतात. गाय फक्त त्या दाखवते.

गाई-म्हशीच्या पोटाचे चार कप्पे शाळेत पाठ केलेले असतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. यातला पहिला, म्हणजे कोठीपोट किंवा रुमेन, पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापतो. मोठ्या गाईत त्यात 100 ते 200 लिटर माल मावतो. आतलं तापमान 39 अंश सेल्सिअसच्या आसपास, प्राणवायू जवळजवळ नाही, सामू (आम्लतेचं माप, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) 6 ते 7 च्या दरम्यान. वरच्या बाजूला वायू, त्याखाली लांब तंतूंची तरंगती गादी, आणि तळाला पातळ, बारीक कणांचा रस्सा. ही गादी महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे परत यायचं आहे.

या रस्स्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण एक हजार कोटी ते दहा हजार कोटी जिवाणू असतात. त्यांच्याबरोबर काही लाख आदिजीव, म्हणजे प्रोटोझोआ, असतात. ते इतके मोठे की ताज्या रसाचा थेंब साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पळताना दिसतात. तिसरी जमात बुरशीची. ती कडब्याच्या कठीण काडीत मुळं घुसवून काडी आतून फोडते आणि जिवाणूंना वाट करून देते. चौथी आर्किया, वायू बनवणारी. प्रोटोझोआ पॅरिसमध्ये 1843 साली ग्रूबी आणि डेलाफाँ यांनी पाहिले, पण जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायला पुढे शंभर वर्षं लागली, कारण हवा लागली की ते मरतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट यांनी 1940 च्या दशकात हवा पूर्ण वगळून जिवाणू वाढवायची पद्धत बसवली, तेव्हा कुठे सेल्युलोज खाणारे जिवाणू हाती लागले. बुरशीचं तर त्याहून मजेशीर. तिचे पोहणारे बीजाणू अनेक वर्षं प्रोटोझोआ म्हणूनच मोजले जात होते. ती बुरशी आहे हे इंग्लंडच्या कॉलिन ऑर्पिन यांनी 1975 मध्ये दाखवलं.

गवताचं दूध कसं होतं

जिवाणू सेल्युलोज आणि पिष्टमय पदार्थ आंबवतात. आपण इडलीचं पीठ आंबवतो तशीच ही क्रिया, फक्त अखंड चालणारी. त्यातून जिवाणूंना स्वतःपुरती ऊर्जा मिळते आणि ते तीन आम्लं बाहेर टाकतात: ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. जिवाणूंच्या दृष्टीने हा कचरा आहे. गाय मात्र याच कचऱ्यावर जगते. कोठीपोटाच्या आतल्या भिंतीला गालिच्यासारखे असंख्य अंकुर असतात. त्यांतून ही आम्लं रक्तात शोषली जातात आणि गाईच्या एकूण ऊर्जेचा साधारण 70 टक्के भाग त्यांच्यातूनच येतो.

दूध संकलन केंद्रावर फॅट कमी का लागली, याचं उत्तर इथे आहे. ॲसिटिक आम्लापासून दुधातली स्निग्धता बनते. प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज बनवतं, ग्लुकोजपासून दुधातली साखर बनते, आणि दुधात पाणी किती ओढलं जाणार हे त्या साखरेवर ठरतं. चाऱ्यावर जगणाऱ्या गाईला आतड्यातून थेट ग्लुकोज फारच थोडं मिळतं, कारण गोड ते सगळं जिवाणू आधीच खाऊन टाकतात. मग हिशेब असा: तंतुमय चारा भरपूर असेल तर तंतू खाणारे जिवाणू वाढतात, ॲसिटिक आम्ल वाढतं, फॅट टिकते. भरडा आणि मका वाढवला तर प्रोपिऑनिक वाढतं, दूध वाढतं, फॅट उतरते. एका हद्दीपर्यंत हा सौदा चालतो. हद्द ओलांडली की दूधही जातं.

प्रथिनांची गोष्ट याहून आश्चर्याची आहे. सरकी पेंडीतली बरीचशी प्रथिनं कोठीपोटातच तुटून अमोनिया होतात. जिवाणू तो अमोनिया घेऊन स्वतःचं शरीर बांधतात. मग रस्स्याबरोबर वाहत हे जिवाणू पुढे खऱ्या पोटात जातात आणि तिथे गाय त्यांनाच पचवते. जिवाणूंची भिंत फोडण्यासाठी तिच्या खऱ्या पोटात लायसोझाइम नावाचं विकर पाझरतं. हेच विकर आपल्या अश्रूंत आणि लाळेत जंतूंना मारायला असतं. गाईने ते पचनाला लावलं. आतड्यात पोचणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त प्रथिनं बहुतेक वेळा जिवाणूंचीच असतात. शाकाहारी म्हणवणारी गाय रोज किलोच्या हिशेबाने सूक्ष्मजीव खाते, असं म्हटलं तरी चालेल.

ब गटातली जीवनसत्त्वंही हेच बिऱ्हाड बनवतं. बी-12 साठी मात्र त्यांना कोबाल्ट लागतं आणि ते चाऱ्यातून किंवा खनिज मिश्रणातूनच यावं लागतं. कोबाल्ट कमी पडलं की खायला भरपूर असूनही जनावर खंगत जातं. खनिज मिश्रणाच्या पिशवीवर मिलिग्रॅममध्ये छापलेली ती छोटीशी ओळ जिवाणूंसाठी असते.

आंबवताना हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. आर्किया त्याचा मिथेन करतात. मोठी गाय दिवसाला 250 ते 500 लिटर मिथेन ढेकरेवाटे बाहेर टाकते, आणि त्याबरोबर चाऱ्यातली साधारण 6 टक्के ऊर्जाही. हवामानबदलाच्या चर्चेत गाय येते ती या ढेकरेमुळे. गोठ्याच्या दृष्टीने मात्र ढेकर थांबली तर काय होतं, हे जास्त तातडीचं आहे.

सामू सांभाळते कोण

इतकी आम्लं सतत तयार होत असताना सामू 6 च्या वर राहतो कसा? लाळेमुळे. मोठी गाय दिवसाला 100 ते 150 लिटर लाळ गिळते. त्या लाळेत सोडा असतो, दिवसाकाठी किलोच्या वर. गाय रवंथ करते तेव्हा लाळ सर्वांत जास्त सुटते, आणि रवंथ सुरू होतो तो त्या तरंगत्या गादीतले लांब तंतू कोठीपोटाच्या भिंतीला टोचतात म्हणून. म्हणजे साखळी अशी: लांब तंतू, रवंथ, लाळ, सोडा, सामू, जिवाणू. पहिली कडी काढली की शेवटची आपोआप निखळते.

म्हणून कुट्टी फार बारीक करू नये. एक ते दीड इंच पुरे. काही ठिकाणी ‘गाय उरवत नाही’ म्हणून चारा अगदी भुश्यासारखा दळला जातो. गाय उरवत नाही हे खरं, पण ती रवंथही करत नाही. चांगल्या चाऱ्यावरची गाय दिवसातले सात ते नऊ तास रवंथ करते आणि एक घास वर आणून 50 ते 70 वेळा चावते. दुपारी गोठा शांत असताना बसलेल्या गाईंकडे नुसतं पाहावं. निम्म्याहून जास्त गाई तोंड हलवत नसतील तर खाण्यात काही चुकतंय.

बाजारातला खाण्याचा सोडा दिवसाला 100 ते 150 ग्रॅम आंबोणातून देण्याची पद्धत आहे, आणि जास्त खुराकावरच्या गाईला तिचा उपयोगही होतो. पण गाय स्वतः किलोभर सोडा फुकट बनवत असताना आपण तिचा रवंथ बंद पाडायचा आणि पुडीतला शंभर ग्रॅम विकत घालायचा, हा धंदा तोट्याचाच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

पोळ्याला बैलाला पुरणपोळी, कुठे शिजवलेली ज्वारी, कुठे गव्हाची खीर. लग्नसराईत उरलेला भात आणि चपात्या गोठ्यात. सुगीत दावं सोडून जनावर खळ्यावर पोचतं आणि मक्याच्या राशीत तोंड घालतं. प्रसंग वेगवेगळे, पण पोटात घडतं ते एकच.

पिष्टमय पदार्थ एकदम आला की स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस नावाचा जिवाणू उसळतो. एरवी तो संख्येने किरकोळ असतो. भरपूर पिष्ट मिळालं की अर्ध्या तासाच्या आत त्याची संख्या दुप्पट होऊ शकते, आणि घाईत वाढताना तो लॅक्टिक आम्ल बनवतो. हे आम्ल नेहमीच्या तीन आम्लांपेक्षा साधारण दहापट तीव्र. सामू 6 च्या खाली उतरला की तंतू खाणारे जिवाणू काम थांबवतात. 5.5 च्या खाली प्रोटोझोआ मरू लागतात. 5 च्या जवळ स्ट्रेप्टोकोकसही हात टेकतो, पण तोवर आम्ल सहन करणारे लॅक्टोबॅसिलस पुढे येतात आणि तेही लॅक्टिक आम्लच बनवतात. परतीची वाट बंद होते. याला ॲसिडोसिस म्हणतात.

आता कोठीपोटातला रस्सा इतका दाट आणि खारट होतो की तो रक्तातलं पाणी आत ओढतो. पोट पाण्याने डुचमळतं आणि शरीर मात्र कोरडं पडतं. खाल्ल्यापासून 12 ते 36 तासांत लक्षणं दिसतात: रवंथ बंद, दात खाणं, डोळे खोल, झोकांड्या, पातळ करड्या रंगाचं आंबट वासाचं शेण, त्यात न पचलेले दाणे. जनावर बसलं आणि उठेना झालं तर तासांचा हिशेब उरतो. वाचलेल्या जनावराचेही पुढे हाल होतात. आम्लाने कोठीपोटाची भिंत सोलवटते, तिथून फ्युजोबॅक्टेरियम जातीचे जिवाणू रक्तावाटे यकृतात जाऊन गळू करतात. खुरांच्या आतल्या भागाला सूज येऊन लंगडेपणा येतो, तो महिना-दीड महिन्याने दिसतो, आणि तोवर पोळ्याची पोळी कुणाच्या लक्षातही नसते.

इथे घरगुती उपाय उलटे पडतात. ‘पोट थंड करायला’ ताक पाजतात. ताकातलं आम्ल म्हणजे लॅक्टिक आम्लच, वर त्यातले जिवाणू ते आणखी बनवणारे. गूळपाणी म्हणजे त्याच जिवाणूंना आणखी साखर. जनावराने धान्य खाल्लं हे कळताच उरलेलं धान्य काढावं, फक्त वाळलेला चारा पुढे ठेवावा, आणि लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावं. सोडा किती, सलाइन किती, पोट धुवायचं की उघडायचं, हे वजन आणि सामू पाहून ते ठरवतात.

याच्या नेमका उलटाही आजार आहे. शेंगदाणा पेंड, सोयाबीन किंवा युरिया जास्त झाला आणि सोबत पिष्ट कमी पडलं की अमोनिया साठतो आणि सामू 7 च्या वर चढतो. जनावर तसंच सुस्त, रवंथ तसाच बंद. इथे सोडा दिला तर आगीत तेल. गोठ्यात दोन्हींना ‘अपचन’ हा एकच शब्द आहे आणि उपचार मात्र परस्परविरुद्ध, त्यामुळे आधी सामू पाहणं आलंच. नळीने काढलेल्या रसाचा थेंब लिटमससारख्या सामूच्या कागदावर टाकला की मिनिटभरात कळतं. डॉक्टर आणखी एक सोपी चाचणी करतात. 20 मिलिलिटर ताज्या रसात 0.03 टक्के मिथिलिन ब्लूचं 1 मिलिलिटर द्रावण घालतात. जिवाणू धडधाकट असतील तर निळा रंग तीन ते सहा मिनिटांत उडतो. तो तसाच टिकून राहिला तर आतलं बिऱ्हाड मोडलेलं आहे.

हळू चढणारं आम्ल

जोरदार ॲसिडोसिस निदान दिसतो तरी. जास्त नुकसान करतो तो सौम्य प्रकार. रोज काही तास सामू 5.5 च्या आसपास राहतो, गाय खाते, दूधही देते, पण एक दिवस भरपूर खाते नि दुसऱ्या दिवशी कमी, शेण कधी घट्ट कधी फेसाळ, आणि फॅट 3.5 वरून घसरत तीनच्या खाली. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर (फॅट सोडून उरलेल्या घन भागावर) ठरत असल्याने हा आजार आधी दूध संकलनाच्या पावतीवर दिसतो, मग गाईच्या अंगावर.

कारण बहुधा वाटपात असतं. 10 लिटर दूध देणारी 400 किलोची संकरित गाय घ्या. तिला वजनाच्या सुमारे 3 टक्के, म्हणजे 12 किलो शुष्क (पाणी वगळून मोजलेला) चारा-खुराक लागतो. शरीरपोषणाला दीड किलो आणि लिटरमागे 400 ग्रॅम धरून खुराक साडेपाच किलो. म्हशीला लिटरमागे 500 ग्रॅम. उरलेलं सगळं चाऱ्यातून: 20 किलो हिरवा चारा आणि साडेतीन किलो कडबा घातला की साधारण 7 किलो शुष्क भाग भरतो. इथवर प्रमाण ठीक आहे. चूक होते ती साडेपाच किलो खुराक एकाच वेळी, तोही धारेच्या वेळी रिकाम्या पोटी घालण्यात. एका वेळी अडीच किलोच्या वर जाऊ नये, त्याचे तीन भाग करावेत, आणि आंबोणाच्या आधी थोडा कडबा पडलेला असावा म्हणजे गादी तयार असते. एकूण शुष्क भागात चारा 40 टक्क्यांच्या खाली गेला की धोका सुरू होतो. जास्त दुधाच्या गाईंत नेमकं तेच होतं.

चारा किंवा खुराक बदलायचा तर 10 ते 15 दिवस लागतात. नव्या चाऱ्यावर जगणारे जिवाणू आधी थोडे असतात, त्यांना वाढायला वेळ लागतो, आणि पोटातल्या अंकुरांनाही. पहिल्या तीन-चार दिवसांत पाव भाग नवा, मग अर्धा, मग पाऊण. मुरघासाचा नवा खड्डा उघडतानाही हेच. विलेली गाय एकदम खुराकावर आणायची नसते, म्हणून विण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा खुराक सुरू करतात.

फेस

पोटफुगी दोन तऱ्हेची. एकीत वायूचा मोकळा फुगा असतो आणि अन्ननलिकेत काही अडकल्याने, बहुधा बटाटा, गाजर किंवा आंब्याची कोय, ढेकर येत नाही. दुसरी फेसाची. कोवळा लसूणघास किंवा बरसीम, विशेषतः सकाळी दवाने भिजलेला, भुकेल्या पोटी भरपूर खाल्ला की त्यातली विरघळणारी प्रथिनं आणि जिवाणूंचा चिकटा मिळून साबणासारखा फेस होतो. वायू बुडबुड्यांत कोंडतो, ढेकर येत नाही, डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा खळगा, फुगून पाठीच्या वर येते, छातीवर दाब पडून श्वास कोंडतो.

फेसाला तेल लागतं. मोठ्या जनावराला 250 ते 500 मिलिलिटर गोडंतेल देतात, बुडबुडे फुटतात. पण पाजताना मान उंच खेचून नळकांड्याने ओतलं तर तेल फुप्फुसात जातं आणि पोटफुगीतून वाचलेली गाय चौथ्या दिवशी न्यूमोनियाने दगावते. तोंड जमिनीला समांतरच ठेवावं, तेल थोडं थोडं सोडावं, ठसका लागला की लगेच थांबावं. भकाळीत सुई किंवा ट्रोकार टोचण्याचा उपाय मोकळ्या वायूसाठी आहे. फेस असेल तर सुईतून फेसच येतो आणि काही सुटत नाही. लसूणघास कापल्यावर काही तास सुकू द्यावा, आधी कडबा खाऊ घालावा, इतकी काळजी पुरते.

हेच जिवाणू विषही बनवतात, आणि उतरवतातही

कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं. ते स्वतः फारसं घातक नसतं. कोठीपोटातले जिवाणू ते झपाट्याने तोडतात आणि त्यातून सायनाइड सुटतं. म्हणून तीच ज्वारी घोड्यापेक्षा गाईला जास्त मारते. खेड्यात याला ‘किराळ लागणे’ म्हणतात. पावसाने ताण दिल्यावर फुटलेले कोंब आणि कापणीनंतरचा फुटवा सर्वांत वाईट. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच हिरवी घालावी.

युरियाचंही तसंच. जिवाणू युरियाचा अमोनिया करतात आणि अमोनियाचं प्रथिन. मात्र त्यासाठी त्यांना त्याच वेळी ऊर्जा लागते, म्हणून युरियाबरोबर मळी असते. वाळलेल्या चाऱ्यावर प्रक्रिया करायची तर 100 किलो चाऱ्याला 4 किलो युरिया 50 ते 60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, तुडवून हवा काढावी, प्लास्टिकने झाकून 21 दिवस ठेवावा. खाऊ घालण्याआधी तासभर उघडा पसरावा म्हणजे वास उडतो. युरिया न विरघळलेला राहिला, गोणी उघडी राहून जनावराने चाटली, किंवा युरियाचं पाणी बादलीतून प्यायलं, तर अर्ध्या-एक तासात थरथर, फेस आणि झटके येतात. व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी हा पहिला उपाय, कारण आम्लामुळे अमोनियाचं शोषण मंदावतं. सहा महिन्यांखालच्या वासराला आणि घोडा-गाढवाला युरिया नाहीच; वासराचं कोठीपोट अजून पुरतं तयार नसतं आणि घोडा-गाढवाला ते नसतंच.

आता उलट बाजू. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन असतं. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाणाऱ्या जनावरांचे केस गळत, गलगंड होई. हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला खुशाल खात. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने फरक शेळीत नसून तिच्या पोटात आहे असं ओळखलं, आणि हवाईतल्या जनावरांच्या कोठीपोटातले जिवाणू 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले. विषबाधा थांबली. विष तोडणाऱ्या जिवाणूला 1992 मध्ये त्यांच्या नावावरून सिनर्जिस्टिस जोन्सी असं नाव मिळालं. आपल्याकडेही शेळ्यांना सुबाभूळ देताना एकूण चाऱ्याच्या 30 टक्क्यांपर्यंतच ठेवतात.

पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या हंगामात गुरं वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्यावर, असतात. वाढ्यांतलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. ऑक्झलेट खाणारा ऑक्झालोबॅक्टर हा जिवाणू कोठीपोटात असतो, पण तो सवयीने वाढतो. वाढे हळूहळू वाढवावेत, नुसते वाढे घालू नयेत, आणि कॅल्शियम असलेलं खनिज मिश्रण चुकवू नये.

वासराच्या पोटात बिऱ्हाड येतं कुठून

जन्मलेल्या वासराचं कोठीपोट छोटं, अंकुरांशिवाय, जवळजवळ निकामी असतं. दूध ओढताना अन्ननलिकेची एक खोबण मिटून नळी होते आणि दूध कोठीपोट चुकवून थेट खऱ्या पोटात जातं. पहिल्या एक-दोन तासांत चीक, आणि पहिल्या 24 तासांत वजनाच्या 10 टक्के. त्यानंतर आतडं चिकातली रोगाशी लढणारी प्रतिपिंडं शोषणं बंद करतं. जिवाणू गाईच्या चाटण्यातून, गोठ्यातून, चाऱ्यातून आपोआप येतात. प्रोटोझोआ मात्र मोठ्या जनावराच्या लाळेशी संपर्क आला तरच येतात. एकट्या ठेवलेल्या वासरात ते महिनोन्‌महिने सापडत नाहीत.

अंकुर वाढवतं ते प्रामुख्याने ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक आम्ल, आणि ती दाण्यापासून जास्त मिळतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून काफ स्टार्टर, म्हणजे वासरांसाठीचा खुराक, मूठभर पुढे ठेवायचा. नुसत्या गवतावर पोट मोठं दिसतं पण आतून गुळगुळीत राहतं. आणि पाणी. ‘दूध पितंय, पाणी कशाला’ म्हणून वासराला पाणीच दिलं जात नाही. दूध खोबणीतून खऱ्या पोटात जातं, कोठीपोटात नाही. तिथल्या जिवाणूंना वाढायला पाणी बाहेरूनच मिळायला हवं. पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाण्याची बादली हवी. असं वासरू तीन महिन्यांत चाऱ्यावर येतं.

मोडलेलं बिऱ्हाड पुन्हा वसवताना

मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावराला तोंडावाटे प्रतिजैविक दिलं की ते आजाराच्या जंतूंबरोबर कोठीपोटही साफ करतं. घरातल्या गोळ्या कुटून पाजू नयेत. इंजेक्शन डॉक्टर याच कारणाने देतात. दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या जनावरातही जिवाणू उपाशी मरतात. आजार बरा झाला तरी गाय खात नाही, तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं.

यीस्टच्या पुड्या इथे सुचवल्या जातात. जिवंत यीस्ट कोठीपोटात शिरलेला थोडाफार प्राणवायू वापरून टाकतं आणि लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या मेगास्फेरा जिवाणूला हात देतं. जास्त खुराकावरच्या गाईला त्याचा फायदा होतो, पण मेलेलं बिऱ्हाड एका जातीच्या यीस्टने वसत नाही. मुदत संपलेली किंवा उन्हात पडलेली पुडी तर निव्वळ पीठ.

खात्रीचा उपाय जुनाच आहे. निरोगी, त्याच चाऱ्यावरच्या जनावराचा कोठीपोटातला रस आजारी जनावराला देणं. डॉक्टर जठरनळीने तो काढतात. मोठ्या गाईला निदान 3 लिटर, शक्य तर 8 ते 16 लिटर. रस सुती कापडातून गाळायचा, पण फार बारीक नाही, नाहीतर तंतूंना चिकटलेले जिवाणू कापडावरच राहतात. थर्मासमध्ये काठोकाठ भरायचा म्हणजे हवा राहत नाही, 39 अंशांच्या आसपास ठेवायचा आणि दोनेक तासांच्या आत नळीनेच सोडायचा. ॲसिडोसिस असेल तर आधी आतलं आम्ल काढून टाकायचं. पाचच्या खालच्या सामूत नवे जिवाणू टाकले तर तेही मरतात. रस दिल्यावर गाईपुढे उत्तम वाळलेला चारा ठेवायचा आणि डाव्या भकाळीत मूठ टेकवून बसायचं. दोन मिनिटांत दोन-तीन वेळा मूठ बाहेर ढकलली गेली की कोठीपोट चालू झालं.